तुझी मर्जी

घरातून बाईच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा अनंतरावांना आधी वाटलं, आपण चुकून शेजारच्याच फाटकातून आत आलो. पण फाटक त्यांचंच होतं, तुळशीशेजारी वाळत घातलेलं धोतरही त्यांचंच. कडी लावायला वाकलेले ते तसेच थांबले. कोणी माजी आमदार वारले म्हणून कचेरीत शोकसभा झाली होती आणि साहेबांनी घड्याळाकडं बघत सगळ्यांना लवकर घरी सोडलं होतं. स्कूटर कोपऱ्यावर बंद पडल्यामुळं त्यांनी ती ढकलत आणली होती, त्यामुळं आत कुणाला त्यांची चाहूल लागली नव्हती. मावला गावातल्या त्या रस्त्यावर या वेळी शुकशुकाट असायचा. ऊन उतरलं होतं, पण भिंतींतून अजून धग येत होती. आणि त्या शांततेत, त्यांच्या घरात, कोणी बाई हसत होती. चारचौघांत पदर तोंडाशी धरून हसतात तसं ते नव्हतं. पोटातून येत होतं, मध्येच श्वास तुटत होता, टाळी वाजत होती, मग पुन्हा फुटत होतं. नांदेडहून मुलगी आली असेल का? पण कुमुदचं हसणं बारीक, नाकातलं. शेजारच्या मथुराबाई? त्यांचा आवाज घोगरा. पाहुण्यांतल्या सगळ्या बायका मनाशी आठवून झाल्या तरी हे हसणं कुणाच्याही तोंडाला बसेना. शेवटी ते खिडकीशी गेले, स्वतःच्याच घराच्या खिडकीशी, आणि चोरासारखं आत डोकावले.

वच्छला एकटी होती. पाय लांब पसरून फरशीवर बसली होती, मांडीवरच्या सुपातल्या तुरी तशाच पडल्या होत्या, आणि ती टीव्हीकडं बघून हसत होती. बातम्या आणि क्रिकेटसाठी अनंतरावांनी गेल्या वर्षी केबल घेतली होती. तिच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक चिनी चॅनेलही येत असे, त्यावरून ते नेहमी घाईनं पुढं जात. आता तेच लागलं होतं. पडद्यावर एक तरुण मुलगा सायकल धरून उभा होता. त्यानं एका मुलीला मागं बसायची खूण केली. तिनं मान हलवली आणि हँडलकडं बोट दाखवलं. तो क्षणभर विचारात पडला, मग त्यानं शिपायासारखा सलाम ठोकला आणि स्वतःच मागं कॅरियरवर बसला. मुलगी वेडीवाकडी सायकल मारत निघाली आणि दोघं भाजीच्या ढिगात जाऊन कोसळले. मग एक दार दिसलं. मुलगी दारात, तो पायरीखाली. त्यानं काहीतरी विचारलं. ती हसतच एक शब्द बोलली, आणि तो शब्द 'नाही' असणार हे भाषा न कळणाऱ्या अनंतरावांनाही कळलं. ते नकळत वाट बघू लागले. आता तो तिचा हात धरील. किंवा दार ढकलील. किंवा गाणं सुरू होईल आणि गाण्याच्या शेवटी ती हो म्हणेल. त्यांनी आजवर पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत असंच होत आलं होतं. पण काहीच झालं नाही. मुलानं दोन्ही हात वर केले, मान लववली, मागं वळला, आणि गल्लीतून जाताना आनंदानं हवेत अशी लाथ मारली की त्याचा बूटच उडून गेला. नाही ऐकून तो आनंदात होता.

"जा बावा, जा आता," वच्छला पडद्याला म्हणाली. "उद्या ये. ते काय पळून थोडीच जाऊन राह्यली!"

हसण्यापेक्षाही अनंतरावांना ती भाषा लागली. ती त्यांनी स्वतःच्या घरातून कधीच घालवली होती असं ते समजत होते. त्यांनी कडी मुद्दाम वाजवली. आतलं हसणं तुटलं, टीव्ही खटकन बंद झाला, आणि दार उघडणाऱ्या वच्छलेच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. "आज लवकर आलात?" ती म्हणाली. "बसा. चहा टाकते." एकही अक्षर वावगं नाही, एकही उच्चार गावंढळ नाही. ते खुर्चीत बसले. फरशीवर जिथं ती बसली होती तिथं दोनचार तुरी सांडल्या होत्या. त्या वेचाव्यात असं त्यांना वाटलं आणि का वाटलं ते कळलं नाही.

अनंतरावांचं घराणं निजामाच्या काळात नोकरीसाठी इकडं तेलुगू मुलखात येऊन राहिलेलं. वडील पेशकार होते. कचेरीत उर्दू, घरात शुद्ध मराठी आणि बाजारात तेलुगू असा त्यांचा शिरस्ता होता. वच्छला बेला गावाकडची, कापूस-ज्वारीवाल्यांच्या घरची. जात एक, कुळी बरोबरीची, मुलगी उंच आणि नाकीडोळी नीटस, म्हणून वडिलांनी ठरवलं आणि लग्न झालं. पहिल्याच वर्षी साहेब आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले होते. वच्छलेनं हौसेनं सगळं केलं होतं, आणि साहेबांचा हात थांबलेला दिसला तेव्हा ती वाढायला पुढं होऊन म्हणाली होती, "काऊन जेवून नाई राह्यले तुमी?" सगळे हसले. अनंतरावही हसले. त्यात वाईट काय होतं? नंतर ते रोज चहाच्या वेळी तिला समोर बसवून शिकवू लागले. काऊन नाही, का. जेवून राह्यले नाही, जेवताय. मले नाही, मला. तिनं बरोबर म्हटलं की ते 'शाबास' म्हणत. त्यांना तेव्हा ते प्रेमच वाटत होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं बायकोला परसात ठेवलं असतं, मी तिला माझ्या बरोबरीला आणतोय, असं त्यांना मनापासून वाटे. ती शिकली. आधी चूक होणार नाही असं बोलायला शिकली, मग चूक व्हायला जागाच उरू नये इतकं कमी बोलायला शिकली. घर शांत झालं. 'तुमच्याकडं कसं भांड्याला भांडं लागत नाही,' लोक म्हणत, आणि अनंतराव संकोचून, पण मनातून सुखावून, पान जमवू लागत.

त्या दिवसानंतर ते त्या शांततेकडं कान देऊन बसू लागले. कचेरीत फाइलीवर टिपण लिहिताना मध्येच पेन थांबे. समोरच्या टेबलावरचे भगवानराव म्हणत, "काय अनंतराव, तबियत नासाज दिसते?" ते मान हलवत. त्यांना दवाखाना आठवत असे. कुमुदच्या जन्मानंतर वच्छलेच्या पोटात दुखू लागलं म्हणून ते तिला नांदेडला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठं दुखतं? आणि अनंतराव म्हणाले होते, डाव्या कुशीत. डॉक्टरांनी डावी कूस दाबून पाहिली, दुखतं का म्हणून विचारलं, तिनं मान डोलावली. औषध झालं. घरी आल्यावर त्यांनी पाहिलं, ती ओट्याशी उजवी बाजू दाबून उभी होती. "डावीकडं ना गं?" त्यांनी विचारलं होतं. "हो," ती म्हणाली होती, आणि हात डाव्या बाजूला नेला होता. इतक्या वर्षांत त्यांना हे कधी आठवलं नव्हतं. आठवण्यासारखं त्यात काही होतं असंच वाटलं नव्हतं. पण आता तो हात त्यांना टिपणाच्या कागदावर दिसे, उजवीकडून डावीकडं सरकताना.

काही दिवस ते लवकर निघून घरी येत राहिले. स्कूटर कोपऱ्यावर लावत, चपला हातात घेत, खिडकीशी उभे राहत. पुरुषमाणसानं असं करावं याची त्यांना लाज वाटे, पण पाय थांबत नसत. चिनी मालिका संध्याकाळी लागत असे, ते कचेरीतून येण्याच्या जरासं आधी संपत असे. म्हणजे कितीतरी महिने हे चाललं असणार, आणि ते फाटकाशी येईतो रोज ती उठून, तोंड धुऊन, चहाचं आधण ठेवत असणार. पडद्यावर फारसं काही घडत नसे. मुलगा आजारी पडे आणि मुलगी त्याला खिचडीसारखं काहीतरी भरवू जाई. तो आधी चमचा तिच्याच तोंडासमोर धरी. मुलीला दूर कुठंतरी नोकरी लागे; मुलाचा चेहरा पडे, मग तोच तिची पेटी बांधायला बसे, आणि कुलूप लावायच्या आधी गुपचूप एकदा स्वतःच पेटीत शिरू बघे. वच्छला हसत हसत डोळे पुसे. भांडतही ती दोघं. पण भांडताना दोघंही बोलत, आणि एक बोलत असताना दुसरा ऐकत असे. अनंतरावांना पहिल्यांदा हे पोरकट वाटलं. मग राग आला. असं कुठं असतं? कोण नवरा असा वागतो? मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की तो मुलगा मुलीच्या खोलीत शिरण्याआधी दरवेळी दारावर टिचकी मारतो, दार सताड उघडं असलं तरी. आणि त्या टिचकीच्या वेळी वच्छलेची मान किंचित वर होते, कुणीतरी तिच्याच दाराशी आलं असावं तशी.

रविवारी दुपारी ते न्हाणीघरात असताना परसातल्या भिंतीपलीकडं मथुराबाई आणि अलीकडं वच्छला अशा बोलत होत्या. मथुराबाईही बेल्याकडच्याच, त्यामुळं भिंतीशी वच्छलेची जीभ मोकळी होत असे, हे अनंतरावांना आत्ता कळत होतं. त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला.

"मंग काय झालं वो चंपतचं?" मथुराबाई विचारत होत्या.

"तो आला ना. चंद्रभागेच्या बापानं त्याले दारातच उभं ठेवलं. पन चंपत लय गुनाचा, बाई. तिले इचारल्याबिगर तिच्या हाताले हात नाई लावत."

"आन् ते नाई म्हनली तं?"

"तं नाई. तो हासते आन् जाते आपल्या घरी."

"मारत नाई?"

"काऊन मारन?"

"रुसत तरी असन!"

"रुसते. मंग तेच जाते त्याच्याकडं. काऊन रुसला म्हून इचारते. मंग तो सांगते."

मथुराबाईंचा आवाज उतरला. "असे मानसं असतेत का वो?"

"चीनमंधी असतेत," वच्छला म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की भिंतीवरची चिमणी उडाली.

न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर अनंतराव कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. चंपत. त्या चिनी पोराला तिनं नाव दिलं होतं, घर दिलं होतं, त्याच्या तोंडी न कळणारी सगळी बोलणी घातली होती. पण नाव चंपतच का? बेल्यात कोणी चंपत होता का? लग्नाच्या वेळी बैलगाडी हाकणारा एक सावळा पोरगा होता, वच्छलेच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो काहीतरी बोलला होता आणि ती रडता रडता हसली होती. त्याचं नाव काय? त्यांनी आठवून आठवून पाहिलं आणि मग त्यांना कळलं की बेल्यातल्या कुणाचंच नाव आपल्याला माहीत नाही, एक तिच्या भावाचं सोडलं तर. विहिरीवर तिच्याबरोबर कोण जायचं, शाळेत तिच्या शेजारी कोण बसायचं, ती शाळेत तरी किती गेली होती, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. पाणी डोक्यावर घेताना त्यांना मत्सर झाला. त्या सावळ्या पोराचा नव्हे, पडद्यावरच्या त्या बूट उडवणाऱ्या पोराचा.

मग त्यांनी ठरवलं. नेमकं काय ठरवलं हे त्यांना सांगता आलं नसतं, पण दुसऱ्याच दिवशी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले आणि चौकटीवर टिचकी मारून म्हणाले, "आत येऊ का?" वच्छलेच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "काय झालं?" ती पांढरीफटक होऊन म्हणाली. "कुमुदचं काही—?" कुमुदचं काही नव्हतं. काहीच नव्हतं. पण ती संध्याकाळभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बाजारात ते म्हणाले, "कोणती भाजी घेऊ?" ती म्हणाली, "तुम्हाला आवडेल ती." "तुला कोणती आवडते?" "सगळ्याच." एकदा त्यांनी विचारलं, "आज बाहेर जायचं का कुठं? तुला वाटलं तर." ती आत गेली आणि साडी बदलून, पिशवी घेऊन, दाराशी येऊन उभी राहिली. "अगं, तुला वाटलं तर म्हटलं." "हो," ती म्हणाली आणि उभीच राहिली. ती त्यांना विचारत नव्हती, पण मथुराबाईंना म्हणाली, "यायची तब्येत बरी नाई दिसत. काही तरी मनाले लावून घेतलं." तिनं सोमवार धरले. जेवताना त्यांच्या ताटात आधीपेक्षा जास्त तूप पडू लागलं. एका संध्याकाळी ते मुद्दाम तिच्याबरोबर मालिका बघायला बसले. "चालू दे," म्हणाले, "मीही बघतो." ती भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन, शेवटपर्यंत बसली. पडद्यावर मुलगा दोरीवरचे कपडे काढता काढता चादरीत गुरफटला, मुलगी हसून लोळली. वच्छला हसली नाही. पाहुण्यांसमोर बसतात तशी बसली होती.

"हा मुलगा चांगला आहे, नाही?" अनंतराव म्हणाले.

"मला काय कळतं त्यातलं."

"तुला काय वाटतं ते सांग ना."

"चांगला आहे."

"मी म्हटलं म्हणून चांगला का?"

त्यांना एकाएकी असह्य झालं. "वच्छला, मी तुला साधं विचारतोय. तुला काय हवंय? काहीतरी हवं असेलच ना माणसाला! तोंड उघडून सांग ना एकदा! बोल म्हणतो ना, बोल!" शेवटचा शब्द ओरडण्यासारखाच आला. आपलाच आवाज ऐकून ते थांबले. वच्छलेनं पटकन डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बघत, पाठ केलेलं सांगावं तशी म्हणाली, "एक साडी घ्या. हिरवी." दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवी साडी आणली. ती तिला आवडली की नाही हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली. पडद्यावरच्या पोराला हे इतकं सोपं कसं जातं, ते त्यांना कळेना. तो विचारतो, ती सांगते. त्याच्या विचारण्याला मागं काही नसतं. आपल्या विचारण्यामागं मात्र वीसबावीस वर्षं उभी असतात, आणि ती सगळी तिच्याकडं टक लावून बघत असतात.

दिवाळीनंतर चिनी चॅनेल बंद झालं. त्या जागी तेलुगू सिनेमे लागले. अनंतराव आले तेव्हा वच्छला पडद्यासमोर बसली होती, एक नायक नायिकेचा पदर धरून गात होता आणि ती भाजी निवडत होती. ते उलट पावली बाहेर पडले आणि केबलवाल्याच्या दुकानात गेले. केबलवाला तारा सोलत बसला होता.

"वो चीनी चॅनेल किधर गया?" त्यांनी विचारलं.

"निकाल दिया, साब. इधर चीनी कौन देखता? उसकी जगा तेलुगू पिक्चरां डाल दिया. सब लोगां खुश हैं."

"फिर से लगा सकते?"

"किसके वास्ते? एक आदमी भी पूछने को नइ आया."

अनंतरावांच्या ओठांवर आलं होतं, माझ्या बायकोसाठी. पण दुकानात आणखी दोघं बसले होते, त्यातला एक कचेरीतला. "मैं देखता था," ते म्हणाले. तिघंही हसले. "आपको समझता, साब?" केबलवाल्यानं विचारलं. त्यांना खरं तर हो म्हणायचं होतं. ते म्हणाले, "नहीं. ऐसेच."

घरी परत येताना त्यांना वाटलं, निदान हे तरी आपण तिला देऊ शकू. गोष्ट तुटली आहे. ती दोघं मिळून पुढं नेऊ. तिनं नावं दिली तशी आपणही काही सांगू. स्वतःच्या या कल्पनेनं त्यांना इतकं बरं वाटलं की फाटक उघडताना ते जवळजवळ तरुणासारखे आत आले. वच्छला देवापाशी दिवा लावत होती. ते जवळ जाऊन हळूच, लाडानं म्हणाले, "आता चंपतचं पुढं काय झालं असेल गं? चंद्रभागेनं हो म्हटलं असेल का?"

काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली. तिनं ती टाकली नाही, फुंकली. मग ती वळली आणि त्यांच्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं असं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यात राग असता तर त्यांनी तो आनंदानं घेतला असता. राग नव्हता. घरातली एकच पेटी आपली म्हणून ठेवलेली, आणि आपल्या पाठीमागं कुणीतरी ती उघडून, आतलं एकेक हाताळून, पुन्हा नीट लावून ठेवलेली दिसावी, तसं काहीतरी होतं. "कोण चंपत?" ती म्हणाली. शुद्ध, स्वच्छ, घोटून घेतलेल्या मराठीत. त्यानंतर ती भिंतीशी गेली नाही. मथुराबाई पलीकडून एकदोनदा हाका मारून गेल्या. टीव्हीवर तिनं कापड टाकलं, धूळ बसते म्हणून.

थंडी पडली तेव्हा बेल्याहून निरोप आला. तिचे भाऊ उद्धवराव यांच्या सुनेचे दिवस भरले होते. वच्छला दाराशी येऊन नेहमीसारखी उभी राहिली. "दादाचा निरोप आलाय. जाऊ का?" अशा वेळी अनंतराव नेहमी म्हणत, 'जा, पण रविवारी ये,' किंवा, 'आत्ता नको, पुढच्या आठवड्यात बघू.' आज ते उठून उभे राहिले. हा क्षण त्यांनी मनात किती वेळा घोळवला होता. "तुझी मर्जी," ते म्हणाले. "जा. आणि तुला वाटेल तेव्हाच ये."

"म्हणजे कधी?"

"तुला वाटेल तेव्हा. मी काही सांगणार नाही."

तिनं चौकट धरली. "रविवारी येऊ?"

"तू ठरव. सगळं तू ठरव."

पुढचे दोन दिवस ती घर आवरत होती. डबे घासून उन्हात वाळवले, लोणच्याची बरणी फडक्यानं नीट बांधली, मिठाचं, हळदीचं, त्यांच्या गोळ्यांचं ठिकाण त्यांना दाखवून ठेवलं. अनंतरावांना वाटलं, ही खुशीत आहे. बस स्टँडवर त्यांनी तिला खिडकीशी बसवून दिलं. बस हलली तेव्हा तिचे ओठ हलले, पण काचेतून ऐकू आलं नाही. परत येताना त्यांना हलकं वाटत होतं. या जन्मात एक गोष्ट आपल्या हातून नीट झाली, असं वाटत होतं. ते स्वतः भात लावून खाऊ लागले. रविवार आला आणि गेला. ती आली नाही, याचा त्यांना आनंदच झाला. म्हणजे ती स्वतःच्या मनानं राहतेय. बेल्यात ती आता कशी बोलत असेल, कशी हसत असेल, हे ते कचेरीत बसून रंगवत.

मग एका सकाळी उद्धवराव मोटारसायकलवरून आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी घेतलं नाही. "जवाईबापू," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "आमच्या बहिनीचं काय चुकलं?"

"काही नाही. चुकलं कुठं?"

"मंग ते रडून काऊन राह्यली? सून बाळंत झाली, पोरगं झालं, घरात पेढे आले, आन् हे कोपऱ्यात बसून. जेवत नाई, कोनाशी बोलत नाई. म्हनते, यायनं मले सोडलं."

"सोडलं? अहो, मी तिला मर्जीनं राहा म्हटलं. मोकळीक दिली."

उद्धवरावांनी पहिल्यांदा वर पाहिलं. साधा, उन्हानं रापलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मोकळीक गाईले देतेत, जवाईबापू. दूध आटलं म्हंजे."

अनंतरावांना खूप काही सांगायचं होतं. त्या सायकलविषयी, दारावरच्या टिचकीविषयी, उडालेल्या बुटाविषयी. पण त्यातलं काय सांगणार? कुठली चिनी माणसं, कुठलं चॅनेल. समोर बसलेल्या भावाला त्यातलं एक अक्षर कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी वच्छलेची शेवटची उरलीसुरली गोष्ट त्यांनी आणखी एकाला दाखवली असती. "मी येतो," ते म्हणाले.

वाटेत दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या. उद्धवरावांच्या पाठीमागं बसून अनंतराव मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. 'तुला यायचंय का?' नको. 'तुझी इच्छा असेल तर...' नको. त्यांना असं वाक्य हवं होतं ज्यात विचारणं असेल पण धक्का नसेल, आणि ते मराठीत सापडेना, निदान त्यांच्या मराठीत तरी. घर आलं. पडवीत कापसाचा पांढरा ढीग होता, बायका बाळाभोवती बसून बोलत होत्या, हसत होत्या. त्या आवाजांत त्यांनी तिचा आवाज शोधला. नव्हता. ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. गालांची हाडं वर आली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून काय निघतंय याची ती अशी वाट बघू लागली की अनंतरावांचं जुळवलेलं सगळं विरघळून गेलं. आपण विचारलं तर ती म्हणेल, तुम्ही म्हणाल तसं. पुन्हा विचारलं तर ती इथंच, या चौकटीत, कोसळेल. हुकमाशिवाय दुसरं काही तिला देण्यासारखं आपल्यापाशी उरलं नाही, आणि जे होतं ते आपणच नाहीसं केलं.

"चल," ते म्हणाले. जुन्या, कचेरीतल्या आवाजात.

वच्छलेच्या चेहऱ्यावर रंग आला. तो येताना त्यांना दिसला, मानेकडून वर, गालांवर, कानांपर्यंत. दाराआडून तिनं पिशवी उचलली. ती बांधलेलीच होती. भावजयीजवळून जाताना ती वाकून, इतरांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "न्यायले आले." तिच्या आवाजात अभिमान होता. बायका तिच्याकडं बघून समाधानानं हसल्या, कोणी तिच्या कपाळावर कुंकू लावलं, आणि उद्धवरावांनी अनंतरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

बसच्या फाट्यापर्यंत जायला शेतातून पायवाट होती. "सोडून देतो," उद्धवराव म्हणाले, पण अनंतरावांनी नको म्हटलं. चालत जाऊ म्हणाले. ऊन कोवळं होतं. दोन्हीकडं कापसाची पऱ्हाटी फुटलेली होती, आणि वाट दोन माणसांना शेजारीशेजारी चालता येईल इतकी रुंद होती. वच्छला त्यांच्या मागून चालत होती. तिच्या पावलांचा आवाज हलका होता, खुशीचा. ती बरोबरीनं यावी म्हणून अनंतरावांनी चाल मंद केली. मागची पावलंही मंद झाली. त्यांनी आणखी मंद केली. तीही. शेवटी ते थांबले. मागं तीही थांबली, आणि वाट बघत उभी राहिली.